जोडपाढा

गडहिंग्लजच्या मगदूम बाईंनी त्या दिवशी पेढे वाटायची जरा घाईच केली. पण त्यांचं तरी काय चुकलं म्हणा! प्रवेशाच्या लेखी परीक्षेत पोरगी राज्यात सातवी आलेली. आणि पहिल्या शंभरांत येणाऱ्याला मूलगामी विज्ञान संस्थेत जागा म्हणजे जागा, असा सरकारचा कायदाच होता. 'गुणवंत हमी' हे त्याचं नाव. आता हमी म्हटल्यावर शहाण्या माणसानं आणखी काय विचारायचं?

ऋजुता ही बाईंच्या भावाची मुलगी. भाऊ मस्कतला नोकरीला, ऋजू तीन वर्षांची असतानाच वहिनी गेलेली. बाईंनी लग्न केलं नव्हतं. जिल्हा परिषदेच्या शाळेत चौतीस वर्षं त्यांनी पोरं वळणावर आणली, त्यातच ही एक घरची. गावाला त्या मगदूम बाई, ऋजूला आत्या.

"आत्या, पत्र पूर्ण वाचलंस का?" ऋजूनं पेढ्यांचा पुडा बाजूला सारत विचारलं.

"त्यात काय वाचायचंय? हमी लिहिलंय ना? झालं तर."

"खाली बारीक अक्षरांत बघ. 'सदर हमी विचार-पडताळणीच्या अधीन राहून देण्यात येत आहे.' म्हणजे तो टोप."

"मग घाल की टोप! तुझ्या डोक्याला कसली आलीय भीती?"

हा टोप काय प्रकार आहे ते आधी सांगायला हवं. पंधराएक वर्षांपूर्वी मूलगामीची पार दैना झाली होती. क्लासवाले पोरांकडून दहा-दहा हजार गणितं घोटून घ्यायचे. प्रश्न दिसला की उत्तर बाहेर. अशी पोरं पैकीच्या पैकी गुण मिळवून संस्थेत यायची आणि पुस्तकात नसलेला पहिला प्रश्न समोर आला की गळपटायची. निम्मी वर्षभरात घरी परतायची. शेवटी मेंदूच्या अभ्यासकांनी त्यावर तोड काढली. माणूस आठवून उत्तर देतो तेव्हा मेंदू एका तऱ्हेनं चालतो, नव्यानं विचार करतो तेव्हा दुसऱ्या. पाठ केलेलं मनात म्हणताना, तोंड मिटलेलं असलं तरी, बोलण्याची आणि ऐकण्याची केंद्रं एका तालात जागी होतात. विचार करताना असा ताल सापडत नाही, मेंदूचे लांबलांबचे भाग वेडेवाकडे एकमेकांना हाका मारत राहतात. टोपातले संवेदक हा फरक टिपायचे. टोपामागचं यंत्र चाळीस हजार विद्यार्थ्यांच्या मेंदूंवर शिकवून तयार केलेलं होतं. ते सांगायचं, या मुलाचा विचार इतका, स्मरण इतकं. स्मरण चाळिसाच्या वर गेलं की जागा गेली.

आणि खोटं कशाला बोला, क्लासवाल्यांची त्यानं चांगलीच जिरली होती. मगदूम बाई तर टोपाच्या बाजूच्या. "पोपटपंची करणाऱ्यांची खोड मोडली बघा," असं त्या शिक्षकांच्या बैठकीत टेबलावर हात आपटून सांगायच्या.

कोल्हापूरच्या केंद्रावर ऋजूनं टोप घातला. कुठल्याच पुस्तकात नसलेली बारा गणितं तिला दिली गेली. तासाभरानं ती हसतच बाहेर आली. "मस्त होती गं आत्या! नववं तर इतकं गोड होतं!" बारापैकी बारा सुटली होती. आणि तेवढ्यात खिडकीवरच्या पाटीवर तिच्या नावापुढं तांबडा दिवा लागला. विचार बावीस, स्मरण अठ्ठ्याहत्तर.

बाईंना वाटलं, नावांची अदलाबदल झाली. त्या तडक आत घुसल्या. टोप सांभाळणारी तंत्रज्ञ, सुहाना शिकलगार, विशी-पंचविशीची सालस मुलगी होती. तिनं आलेख पुन्हा काढून दाखवला. त्यावर एकसारख्या, ठासून भरलेल्या लाटा होत्या.

"बाई, हिला कुठला क्लास लावला होता? इतका पक्का ताल मी अजून कुणाचा बघितला नाही."

"क्लास? अगं, क्लासची पायरी चढलेली नाही ही पोर!"

"मग घरी कुणीतरी घोटून घेतलंय," सुहाना हळूच म्हणाली.

परतीच्या एसटीत बाईंनी ऋजूला विचारलं, "गणितं सोडवताना डोक्यात काय चाललं होतं तुझ्या?"

"नेहमीचंच. पावकी, औटकी, सगळी मंडळी."

घरी घोटून घेणारं ते 'कुणीतरी' कोण, ते बाईंना आत्ता कळलं.

पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दीडकी, अडीचकी, औटकी. पावाचे, अर्ध्याचे, पाऊणचे, थेट साडेतीनचे पाढे. शाळांतून ते कधीच हद्दपार झाले होते. बाईंचे वडील गुळाच्या अडतीवर वजनं करायचे, त्यांच्या तोंडून बाईंनी ते उचलले आणि चार वर्षांच्या ऋजूला मांडीवर बसवून शिकवले. एक औट साडेतीन, बे औट सात, तीन औट साडेदहा. बाकीची पोरं हे पाठ करून विसरली असती. या कार्टीनं त्यांत घर केलं. तिला आकडा दिसायचा नाही, ऐकू यायचा. कठीण गणित आलं की ती मनात एखादा पाढा सुरू करायची, मग त्याच्यावर दुसरा चढवायची, चाल मोडायची, नवी लावायची, आणि कुठंतरी सूर जुळला की उत्तर हाती. ती पाठ केलेलं म्हणत नव्हती, त्या चालीवर बसून कधीच कुणी गेलं नव्हतं तिथं जात होती. पण यंत्राला ज्या चाळीस हजार मेंदूंवर शिकवलं, त्यांत पावकी येणारं एक पोरसुद्धा नव्हतं. त्याला एवढंच ठाऊक होतं की ताल म्हणजे घोकंपट्टी.

"मीच केलं म्हणायचं हे," बाई म्हणाल्या.

"उगीच काहीतरी बोलू नकोस," ऋजू म्हणाली आणि खिडकीबाहेर बघत राहिली. "मला ती संस्था नावासाठी नको होती, आत्या. इथं मला बोलायला कुणी नाही. वर्गात काही सांगायला गेले की पोरी म्हणतात, झालं हिचं सुरू. तुला सांगते तर तू कौतुक करतेस, पण तुला कळत नाही. तिथं मला काय म्हणायचंय ते कळणारी माणसं असतील, असं वाटायचं मला."

कायद्यात अपिलाची सोय होती. बाईंनी दहा पानी अर्ज खरडला, आणि पुरावा म्हणून ऋजूची एक वही जोडली. त्या वहीत तिनं स्वतः शोधलेला एक खेळ होता, त्याला ती जोडपाढा म्हणायची. दोन माणसांनी दोन वेगळे पाढे म्हणायचे. एकानं दोनाच्या वर्गमुळाचा, दुसऱ्यानं त्याच्यात दोन मिळवून येणाऱ्या संख्येचा. अपूर्णांक गिळून टाकायचा, नुसता पूर्णांक उच्चारायचा. ऋजू म्हणायची, "एक, दोन." बाई म्हणायच्या, "तीन." ऋजू, "चार, पाच." बाई, "सहा." ऋजू, "सात, आठ, नऊ." बाई, "दहा." असं कितीही पुढं गेलं तरी दोघींच्या तोंडी कधी एकच आकडा यायचा नाही, आणि कुठला आकडा सुटायचाही नाही. भाकऱ्या थापता थापता दोघी हजारापर्यंत जायच्या.

पुण्याजवळच्या डोंगरावर मूलगामीच्या इमारती होत्या. अपील ऐकायला डॉ. पाटणकर बसले होते, साठीचे, गणिताचे प्राध्यापक, चष्मा कपाळावर ढकलून बोलणारे. त्यांनी बाईंचं सगळं म्हणणं मधे न बोलता ऐकून घेतलं.

"बाई, तुमचं खरं आहे," ते म्हणाले. "ताल म्हणजे पाठांतर हे यंत्राचं गृहीतक आहे, आणि तुमच्या भाचीच्या बाबतीत ते साफ चुकलंय."

"मग द्या की जागा!"

"माझ्या हातात असतं तर आत्ता दिली असती. कायद्यानं माणसाच्या हातात काही ठेवलेलंच नाही. पूर्वी ठेवलं होतं, तेव्हा वशिल्याची पोरं भरली होती इथं. म्हणून यंत्राचा आकडा अखेरचा."

"आणि यंत्राला नव्यानं शिकवायचं म्हटलं तर?"

"हिच्यासारखी निदान पाचशे मुलं लागतील. तुम्ही मला पाच आणून दाखवा."

बाई पाच कुठून आणणार? त्यांनी एकीलाच शिकवलं होतं.

पाटणकरांनी वही चाळली. दोन पानं, तीन पानं. चष्मा डोळ्यांवर आला. "दोन पाढ्यांचं हे जुनं आहे, शंभराहून जास्त वर्षं झाली," ते पुटपुटले, "पण हिनं ते कानानं शोधलंय! आणि सहाव्या पानावर हे तिसऱ्या पाढ्याचं काय म्हणतेय ती?" ते ऋजूकडं वळले. "ही वही मला ठेवून घेऊ दे. चाळीस दिवसांनी दुसरी संधी मिळते तुला. यंत्राला आतला आवाज चालत नाही. तेवढा वेळ तो बंद ठेवता आला तर बघ. एकदा आत ये, मग आपण बसू आणि हे सहावं पान बोलू."

ऋजूचा चेहरा असा उजळला की बाईंना रडू फुटलं. जन्मात पहिल्यांदा कुणीतरी तिला म्हणालं होतं, आपण बसू आणि बोलू.

आतला आवाज बंद ठेव. प्राध्यापक सहज बोलून गेले, आणि मगदूम बाईंनी तो गृहपाठ म्हणून घेतला. हाडाच्या शिक्षिका त्या. चौकशी केली तर कोल्हापुरातल्या क्लासवाल्यांनी त्यावरही इलाज काढलेलाच होता. गळ्याला बांधायचा एक पट्टा. मनातल्या मनात बोलताना कंठाचे स्नायू नकळत हलतात, दिसणार नाही इतके बारीक. पट्ट्याला ते कळायचं, आणि त्याच क्षणी तो विजेचा झटका द्यायचा. एक ते नऊ अशा त्याच्या पायऱ्या. पोरं त्याला चिमटा म्हणत.

पहिले दोन-तीन दिवस ऋजू हसण्यावारी नेत होती. "आत्या, पाऊणकी म्हटली की जास्त टोचतं बघ." दिवसाला शंभर गणितं, गळ्यात चिमटा, आणि पायऱ्यांचं बटण बाईंच्या हातात. आठवडाभरात झटके थोडे कमी झाले. मग बाईंच्या लक्षात आलं की पोरगी कंठ आवरते, पण पायाच्या अंगठ्यानं ताल धरते.

"चोरटेपणा करायलीस?"

"आपोआप होतंय गं! मी नाही करत."

"अर्धवट काम मला चालत नाही, ऋजू." आणि बाईंनी चौथ्या पायरीवरून चिमटा सहावर नेला.

ऋजूच्या डोळ्यांतून पाणी आलं. अंगठा थांबला. त्या दिवसापासून भाकऱ्या थापताना स्वयंपाकघरात कुणी काही म्हटलं नाही. बाईंना ते जाणवलं, आणि त्यांनी स्वतःची समजूत घातली की चाळीस दिवसांचाच तर प्रश्न आहे, पोरीचं डोकं कुठं पळून चाललंय?

एकतिसाव्या दिवशी दोघी बाजारात गेल्या. सवा किलो वांगी, पाऊण किलो गवार, दीड किलो बटाटे. भाजीवालीनं सवयीनं ऋजूकडंच बघितलं, कारण गल्लीत तिचा हिशेब काट्यापेक्षा चोख मानायचे. "सगळं मिळून किती वजन झालं गं, राजा?"

ऋजू उभीच राहिली. तिचे ओठ हलले आणि लगेच घट्ट मिटले. हात गळ्याकडं गेला. शेवटी तिनं खिशातून फोन काढला आणि बोटानं एकेक आकडा दाबत बेरीज केली.

घरी येताच बाईंनी तिच्या गळ्यातला पट्टा उतरवायला हात घातला. "बास. राहू दे ती संस्था. कोल्हापुरात कॉलेजं काय कमी आहेत?"

"आता नाही, आत्या." ऋजूनं त्यांचा हात धरून बाजूला केला. "एवढं सोसलंय ते फुकट घालवू? सर वाट बघतायत माझी. एकदा आत गेले की परत म्हणेन ना सगळं. तोवर राहू दे."

बाईंनी तेव्हा ऐकायला नको होतं. थोरल्या त्या होत्या, ती सतरा वर्षांची पोर. पण त्यांनाही ती जागा हवी होती, अगदी जिवापाड हवी होती, हेच खरं. त्यांनी पट्टा तसाच राहू दिला.

एकेचाळिसाव्या दिवशी पुन्हा तेच केंद्र, तीच सुहाना. तासाभरानं ऋजू बाहेर आली तेव्हा तिचा चेहरा पांढराफटक पडला होता.

"काय झालं गं?"

"काही येईनाच, आत्या. प्रश्न वाचायचे आणि नुसती शोधत बसायचे. इकडं जा, तिकडं जा, कुठंच काही नाही. शेवटी काहीतरी लिहिलं."

बाईंनी कपाळाला हात लावला. गेलं. सगळंच मुसळ केरात. त्या ऋजूला पोटाशी धरणार, एवढ्यात पाटीवर हिरवा दिवा लागला. विचार शहाण्णव, स्मरण चार.

सुहाना तर आनंदानं बाहेर धावत आली. "बाई, जिल्ह्यात सगळ्यांत वरचा आकडा आहे हा! मेंदू असा पेटला होता पोरीचा, काय सांगू, एक कोपरा शिल्लक नव्हता!"

"अगं, पण गणितं? किती बरोबर आली?"

सुहानानं पडद्यावर बघितलं. तिचं हसू जरा कमी झालं. "एक. बारातलं एक. पण त्याचं काही नसतं, बाई. पडताळणीत उत्तरं मोजत नाहीत. उत्तरांची परीक्षा लेखीत झाली की."

गावानं फटाके लावले. आमदारांचा माणूस हार घेऊन आला. दोन आया आपापल्या मुलींना घेऊन दारात उभ्या राहिल्या, "बाई, आमच्या पोरीचंही स्मरण एवढं उतरवून द्या." बाईंनी त्यांना चहासुद्धा विचारला नाही, दार लावून घेतलं. मग त्यांनी चिमटा कपाटाच्या तळाशी टाकला आणि ऋजूला जवळ बसवलं. "म्हण आता. आपण दोघी म्हणू. एक पाव पाव, बे पाव अर्धा..."

ऋजू शहाण्या मुलीसारखी म्हणायला लागली. पण ती आठवून आठवून म्हणत होती, चाचरत, एखाद्या परक्या भाषेतले शब्द म्हणावेत तशी. तिसऱ्या ओळीला तिला घाम फुटला आणि ती उठून मोरीत जाऊन ओकली. बाईंनी रोज प्रयत्न केला. डॉक्टर झाले, गोळ्या झाल्या. डॉक्टर म्हणाले, शिकलेलं पुसता येतं, पण पुसलेलं परत येईलच याची हमी कुणी देऊ शकत नाही. हमी हा शब्द ऐकून बाई त्या दवाखान्यात इतक्या विचित्र हसल्या की कंपाउंडर दारातून डोकावून गेला.

प्रवेशाच्या दिवशी मूलगामीच्या ओसरीत रांग होती. ऋजू फॉर्म घेऊन उभी होती आणि बाई तिची बॅग धरून. तेवढ्यात जिन्यावरून डॉ. पाटणकर अक्षरशः धावत खाली आले. हातात तीच वही, पानापानांतून चिठ्ठ्या बाहेर डोकावत होत्या.

"आलीस! मला खात्रीच होती!" त्यांना धाप लागली होती. "बाई, घरी मी आणि बायको रोज म्हणतो हा जोडपाढा. ती मला हरवते! पण ऋजुता, हे सहावं पान. तिसरा पाढा आणला की टक्कर होणार, हे ठीक. ती कुठं होणार ते तू आधीच लिहिलंयस. मी संगणकावर लाखापर्यंत तपासलं, एकही चुकत नाही. आणि हे कुठल्याच पुस्तकात नाही, समजलं? तिघांना विचारलं मी, कुणालाच माहीत नाही. महिनाभर झोप नाही मला. या ओळीवरून तू या ओळीवर आलीस कशी? एवढं फक्त सांग."

त्यांनी वही तिच्यापुढं धरली. ऋजूनं ती हातात घेतली. स्वतःच्या अक्षरावरून तिनं बोट फिरवलं, एकदा, दोनदा. तिला खरंच सांगायचं होतं, हे बाईंना तिच्या चेहऱ्यावर दिसत होतं. जन्मभर ज्या प्रश्नाची तिनं वाट बघितली तोच प्रश्न तिला कुणीतरी विचारत होतं.

"सर," ती म्हणाली, "मला नाही कळत हे."

पाटणकर हसले. "दमली असशील प्रवासानं. सावकाश बघ."

बाईंना ते बघवेना. बॅग खाली ठेवून त्या पुढं झाल्या आणि रांगेतल्या सगळ्यांदेखत मोठ्यानं म्हणाल्या, "एक, दोन!"

पाटणकर क्षणभर गोंधळले. मग त्यांचा चेहरा फुलला आणि त्यांनी साथ दिली. "तीन!"

"चार, पाच!"

"सहा!"

ऋजूचा हात गळ्याशी गेला. तिथं पट्टा नव्हता, तरी तिनं दोन्ही हातांनी तो सोडवायची धडपड केली. मान आखडून ती भिंतीला टेकली. "आत्या, नको ना! नको ना गं, दुखतंय!"

बाई थांबल्या. पाटणकर एकदा तिच्याकडं बघायचे, एकदा बाईंकडं. हळूहळू त्यांना काय ते उमगलं. हात त्यांनी वहीसाठी पुढं केला आणि तसाच मागं घेतला.

"मी सांगितलं म्हणून...?" त्यांनी विचारलं.

"तुम्ही नुसतं सांगितलंत, सर," मगदूम बाई म्हणाल्या. "केलं मी."

खिडकीतल्या कारकुनानं पुकारा केला, "ऋजुता मगदूम! गुणवंत हमी, क्रमांक सात!"

ऋजूनं वही मिटून सरांच्या हातात दिली. ओढणीनं चेहरा पुसला आणि ती खिडकीशी गेली.

"सही कुठं करायची?" तिनं विचारलं.